फॅशन क्षेत्रात करिअर : आपल्या मुलामुलींनी कोणते दार ठोठवायचे?

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीच्या मुलामुलींकडून आणि पालकांकडून आमच्याकडे विचारणा सुरू होते, "फॅशन डिझाइनला कुठे ॲडमिशन मिळेल?" तोपर्यंत जून उजाडलेला असतो. देशातील सर्वांत महत्त्वाच्या सरकारी फॅशन संस्थेची, म्हणजे निफ्टची, प्रवेश परीक्षा मात्र अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीतच होते. तिचे अर्ज हिवाळ्यात भरून घेतले जातात. जूनमध्ये चौकशी करणाऱ्यांसाठी मग चकचकीत जाहिरात करणारी खासगी संस्थाच उरते. तिथे आरक्षण नसते, शिष्यवृत्ती नसते, आणि फीसाठी कर्ज काढून देणारा माणूस मात्र त्याच ऑफिसात टेबल टाकून बसलेला असतो.

काही घरांत तर 'नीट' आणि 'निफ्ट' यांतच गल्लत होते. वैद्यकीय प्रवेशाची माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत पोहोचली, एमपीएससी-यूपीएससीची पोहोचली. कपड्याच्या उद्योगातील शिक्षणाची माहिती मात्र पोहोचली नाही. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहोत.

आधी एक जुनी गोष्ट आठवू. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती, पण विणाई खात्यात त्यांना जागा नव्हती. साच्यावर सूत तुटले की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा आपल्या तोंडाला नको म्हणून सवर्ण कामगार त्यांना तिथे येऊ देत नसत. पगार जास्त होता तो याच खात्यात. कमी पगाराची खाती तेवढी आपल्या लोकांच्या वाट्याला आली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता.

गिरण्या गेल्या. पण कापडाच्या धंद्यात कोण कुठल्या खात्यात आहे, हा प्रश्न गेलेला नाही. आज आपल्या घरोघरी शिलाई मशीन आहे. फॉल-पिको, ब्लाऊज, गारमेंटच्या कारखान्यात नगावर मजुरी, हे सगळे आपल्या आयाबहिणी करतात. ज्या टेबलावर कपडा आखला जातो, त्याची किंमत ठरते आणि त्यावर नाव लागते, त्या टेबलाशी आपली मुले फार थोडी दिसतात. आजचे विणाई खाते ते आहे.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मॉडेलच्या पायात घातल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव कुठे घेतले नव्हते. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात. पुढे डिसेंबरमध्ये कंपनीने संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे तसेच महामंडळ यांच्याशी करार केला. चांगले झाले. पण चामडे कमावणाऱ्या आणि चपला शिवणाऱ्या जातींच्या घरांतून एखादी मुलगी फुटवेअर डिझाइन शिकून त्याच करारात डिझायनर म्हणून का बसू नये, असे आम्हाला वाटते.

चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतील, फॅशन म्हणजे चैनीचे क्षेत्र, आपल्या पोरांनी प्रशासनात जावे. प्रशासनात जावेच. पण पोशाख हा आपल्याकडे कधी किरकोळ विषय नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले, त्यात साडी कशी नेसावी आणि जातीची खूण पटवणारे दागिने का टाकावेत हे सांगितले होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. फॅशन म्हटले की डोळ्यांपुढे रॅम्प आणि नामवंत डिझायनर येतात. प्रत्यक्षात स्वतःच्या नावाचा ब्रँड चालवणारे डिझायनर मोजके असतात आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या पाठीशी घरचे भांडवल असते. नोकऱ्या आहेत त्या पडद्यामागे, आणि त्यांची नावे आपल्या मुलांना माहीत नसतात.

त्यातले आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे पॅटर्न मेकिंग. डिझायनरने कागदावर चित्र काढले, तरी ते अंगात घालता येणारा कपडा बनते पॅटर्न मास्टरच्या हातून. छाती, कंबर, खांदा, बाही यांची मापे घेऊन प्रत्येक तुकड्याचा कागदी साचा तयार करायचा, हालचालीसाठी किती सैल सोडायचे ते ठरवायचे, मग त्याच साच्यावरून लहान-मोठे सगळे साइझ काढायचे. याला ग्रेडिंग म्हणतात. त्यानंतर हे तुकडे कापडावर असे मांडायचे की कमीत कमी कापड वाया जावे. याला मार्कर म्हणतात. तयार कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा कापडाचा असतो, त्यामुळे इथेच पैसा वाचतो. समजा १० हजार शर्टांची ऑर्डर आहे आणि एका शर्टाला दीड मीटर कापड लागते. १५ हजार मीटरमध्ये दोन टक्के वाचले तर ३०० मीटर, म्हणजे २०० शर्टांचे कापड हाती राहते. हे करून दाखवणाऱ्या माणसाला कारखानदार सहजासहजी सोडत नाही. आता ही कामे संगणकावर होतात. गर्बर, लेक्ट्रा, ऑप्टिटेक्स ही सॉफ्टवेअरची नावे लक्षात ठेवा. 'क्लो' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर कपडा न शिवताच पडद्यावरच्या आकृतीला घालून बघता येतो. ज्या मुलीला आईच्या शेजारी बसून ब्लाऊज बेतता येतो, तिची अर्धी तयारी घरीच झालेली असते. गणित आणि संगणक जोडला की ती इंडस्ट्रीतली व्यक्ती होते.

विनयपिटकातल्या चीवराच्या गोष्टीची इथे आठवण होते. मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने तुकडे कापून, जोडून तसे चीवर तयार केले आणि तथागतांनी त्याच्या बुद्धीचे कौतुक केले. भिक्खूंच्या चीवरावर आजही ती शेतासारखी आखणी दिसते. चांगला पॅटर्न मेकर म्हणजे काय, हे यातून चटकन कळते.

दुसरे काम मर्चंडायझरचे. परदेशी किंवा देशी ब्रँड ऑर्डर देतो आणि कारखाना ती पुरी करतो. या दोघांमधला दुवा म्हणजे मर्चंडायझर. ब्रँडकडून 'टेक पॅक' येतो. त्यात कपड्याचे चित्र, मापे, कापड, बटणे, शिलाईचा प्रकार असे सगळे असते. मर्चंडायझर कापड मागवतो, रंगाचा नमुना मंजूर करून घेतो, फिटिंगचा नमुना पाठवतो, भाव काढतो आणि माल कोणत्या तारखेला जहाजावर चढणार याचे वेळापत्रक सांभाळतो. इथे चित्रकलेपेक्षा हिशेब, चिकाटी आणि इंग्रजीत नेटका ईमेल लिहिणे जास्त लागते. ज्यांचा हात चित्रात चालत नाही पण व्यवहार चोख आहे, अशा कॉमर्सच्या मुलांनी याकडे जरूर पाहावे.

कारखान्यात याशिवाय क्वालिटीचे लोक असतात. एका शर्टाला किती मिनिटे लागतात हे मोजून लाइन बसवणारे इंडस्ट्रियल इंजिनिअर असतात. कापडावरचे प्रिंट आणि विणीचे नमुने करणारे टेक्स्टाइल डिझायनर वेगळे. रंगाई आणि प्रक्रिया बघणारे टेक्स्टाइल केमिस्ट आणखी वेगळे. दुकानांची मांडणी करणारे व्हिज्युअल मर्चंडायझर, कोणता माल किती घ्यायचा ते ठरवणारे बायर, ऑनलाइन विक्रीसाठी कपड्यांचे फोटो आणि मजकूर तयार करणारे स्टायलिस्ट, फोटोग्राफर, लेखक अशी यादी बरीच लांबवता येईल.

चित्रपट, नाटक, मालिका यांची वेशभूषा हा मुंबईमुळे महाराष्ट्राला जवळचा मार्ग. १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटासाठी ऑस्कर मिळवून हा सन्मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरलेल्या भानू अथैया कोल्हापूरच्या. माहेरचे नाव भानुमती राजोपाध्ये. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची रेखाटने करता करता चित्रपटांकडे वळल्या आणि शंभरहून अधिक चित्रपटांचे काम केले. वेशभूषाकाराला इतिहास वाचावा लागतो. आंबेडकरी चळवळीवर चित्रपट, मालिका, नाटके होत आहेत. १९३० च्या दशकातला गिरणी कामगार किंवा धम्मदीक्षेला नागपुरात आलेली खेड्यातली बाई नेमके काय नेसली असेल, याचा अभ्यास आपल्या मुलांनी करावा.

शिकायचे कुठे? पहिले नाव निफ्टचे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी १९८६ मध्ये सुरू झाली. ती केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे आणि २००६ च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार आहे. मुंबई केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. देशभर इतरही केंद्रे आहेत आणि प्रवेश एकाच परीक्षेतून होतो. चार वर्षांच्या बी.डेस.ला कला, वाणिज्य, विज्ञान अशा कोणत्याही शाखेतून बारावी झालेले चालते. त्यात फॅशन, टेक्स्टाइल, निटवेअर, लेदर, ॲक्सेसरी आणि फॅशन कम्युनिकेशन असे विषय आहेत. कपडा-उत्पादनाच्या बी.एफ.टेक.साठी मात्र गणित आणि भौतिकशास्त्र लागते. तीन किंवा चार वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा झालेल्यांनाही अर्ज करता येतो. संबंधित विषयाच्या डिप्लोमाधारकांसाठी दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वेगळी सोय आहे.

परीक्षेत एक पेपर सर्जनशीलतेचा, म्हणजे चित्र आणि कल्पनेचा असतो. दुसरा सर्वसाधारण क्षमतेचा. त्यात गणित, तर्क, इंग्रजी आकलन आणि सामान्य ज्ञान येते. बी.डेस.साठी यानंतर दिलेल्या साहित्यातून वस्तू तयार करण्याची चाचणी होते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांचा हात तयार असतो. मुले कमी पडतात ती बहुतेक इंग्रजीत, आणि तयारी दोन वर्षे आधी सुरू न केल्यामुळे.

निफ्टमध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे आणि वयातही पाच वर्षांची सवलत आहे. इथे बौद्ध तरुणांनी कागदपत्राची बाब नीट समजून घ्यावी. राज्यात बौद्धांना सवलती आधीपासून होत्या. केंद्रात मात्र १९९० च्या दुरुस्तीनंतर, अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे केंद्रीय संस्थेत नुसते 'बौद्ध' लिहिलेला शाळेचा दाखला पुरत नाही. मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेले, केंद्र सरकारच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र लागते. ते उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मिळते आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांचे जुने दाखले शोधावे लागतात. हे काम अकरावीतच उरकावे. "जात लिहायची नाही म्हणून तर बौद्ध झालो," अशी तक्रार तरुण करतात. त्यांची भावना आम्हाला समजते. पण राखीव जागा कागद नसल्याने हातची जाते, तेव्हा ती भावना कोणी विचारात घेत नाही.

निफ्टची चार वर्षांची फी लाखांत जाते. इथेच आपले पालक माघार घेतात, आणि इथेच त्यांना माहीत नसलेली एक योजना आहे. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या 'टॉप क्लास एज्युकेशन' या शिष्यवृत्तीच्या यादीत निफ्ट आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर निवड झाल्यावर शिकवणीची पूर्ण फी मिळते. राहण्या-जेवण्याचा, पुस्तकांचा आणि संगणकाचा खर्च भागवण्यासाठी भत्ताही मिळतो. दोन अटी आहेत. प्रत्येक संस्थेला ठरावीक संख्येनेच शिष्यवृत्त्या असतात आणि नवा अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो. प्रवेश झाला त्याच महिन्यात संस्थेच्या कार्यालयात विचारा. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना बघावी.

निफ्ट हा एकच मार्ग नाही. अहमदाबादच्या एनआयडीत टेक्स्टाइल डिझाइन उत्तम शिकवतात, पण जागा अगदी थोड्या. पादत्राणांसाठी एफडीडीआय ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिचे महाराष्ट्रात केंद्र नाही, पण विदर्भाला छिंदवाडा आणि मुंबईकडच्यांना अंकलेश्वर फार दूर नाही. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहू परिसरात मुलींसाठी या विषयाचे शिक्षण आहे. विज्ञानाच्या मुलांनी टेक्स्टाइल इंजिनिअरिंगचा विचार करावा. व्हीजेटीआय, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, इचलकरंजीची डीकेटीई, नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्था ही त्यासाठीची जुनी नावे.

दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये ड्रेस डिझायनिंग आणि गारमेंट मॅन्युफॅक्चरिंगचा डिप्लोमा आहे. आयटीआयमध्ये ड्रेस मेकिंग, स्युइंग टेक्नॉलॉजी, फॅशन डिझाइन असे एक वर्षाचे ट्रेड आहेत. आयटीआयला कमी लेखू नका. मोठ्या कारखान्यात सॅम्पलिंग विभागात शिरायला तो चांगला दरवाजा आहे.

खासगी संस्थेत जायचेच असेल तर पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. पदवी कोणत्या विद्यापीठाची? ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? मागच्या वर्षी कोणाला कुठे नोकरी लागली, त्यांच्यापैकी दोघांशी बोलता येईल का? शिकवणीची फी सोडून कापड, प्रदर्शन, शो यांचा खर्च किती? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरचा माणूस चाचरतोच. विद्यार्थ्याच्या अंतिम शोसाठी घरातले दागिने मोडलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

नोकरीसाठी गाव सोडायची तयारी हवी. निर्यातीच्या कपड्यांची मोठी केंद्रे तिरुपूर, बेंगळुरू आणि दिल्लीच्या आसपास आहेत. महाराष्ट्रात मुंबई-भिवंडी परिसर, इचलकरंजी, आणि शाळेच्या गणवेशांसाठी सोलापूर. अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. ते उभे राहील तेव्हा विदर्भातल्या मुलांना घराजवळ काम मिळेल. पण त्यांनी तिथे फक्त मशीनवर बसायचे की सुपरवायझर, पॅटर्न मास्टर, मर्चंडायझर म्हणूनही जायचे, हे आज कोण काय शिकतो त्यावर ठरेल. सुरुवातीचा पगार फार नसतो, दिवस लांब असतात, आणि माल रवाना करायच्या आठवड्यात तर घड्याळ बघायचे नसते. हेही माहीत असू द्या.

स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी एक बाजारपेठ तर डोळ्यांसमोर आहे. बौद्ध विवाहात वधू-वर शुभ्र वस्त्रे नेसतात. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी पांढऱ्या साड्या, निळे कुर्ते, टी-शर्ट यांची प्रचंड खरेदी होते. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवरचे स्टॉल पाहा. पांढरी साडी तीच, काठ तेच, टी-शर्टवर बाबासाहेबांचा चेहरा दोन धुण्यांत उडून जातो. अशोकचक्र, बोधिपर्ण, लेण्यांतील कोरीवकाम यांच्या सुबक रेखाटनांतून लग्नाची शुभ्र साडी विणून घेणारा, पक्क्या रंगाचा निळा काठ देणारा कोणी तरुण उभा राहिला, तर त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही. करवतकाठी, पैठणी, हिमरू विणणारे हात आपल्याच राज्यात आहेत.

मुंबईत सुधीर राजभर यांनी 'चमार' हेच नाव अभिमानाने लावून चर्मकार कारागिरांबरोबर पिशव्या आणि खुर्च्या घडवल्या. चामड्याऐवजी जुने रबर वापरले. त्या वस्तू परदेशातील डिझाइन प्रदर्शनांपर्यंत गेल्या. जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो, तो त्यांनी मालाच्या लेबलवर शिवला.

भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाचे जिल्हा कार्यालय गाठावे. पीएमईजीपी योजनेत अनुसूचित जातीच्या उद्योजकाला शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, आणि स्वतःचे फक्त पाच टक्के घालावे लागतात. बँक मात्र प्रकल्प अहवाल मागते. त्यात कापडाचा भाव, एका नगाला लागणारे मीटर आणि शिलाईचा दर लिहावा लागतो. मशीनवर बसणाऱ्या आपल्या कोणत्याही काकूला हे तिन्ही आकडे तोंडपाठ असतात, तेव्हा अहवाल लिहायला बसताना तिला शेजारी बसवावे.